मार्चअखेरचा धनादेश

आपल्या वैद्यक व्यवसायातील मंडळींना दानधर्माची आठवण बहुधा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होते, आणि तीही सनदी लेखापालांचा फोन आल्यावर. मीही त्याला अपवाद नव्हतो. काही वर्षांपूर्वी ३० मार्चला निराधार मुलांच्या एका संस्थेच्या नावे धनादेश लिहिला, पाकीट टपालपेटीत टाकले आणि निश्चिंत झालो. पावती आली ती ५ एप्रिलची. संस्थेच्या वृद्ध कोषाध्यक्षांना मी फोनवर म्हणालो, "तेवढी ३१ मार्च घालून द्या ना." ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मागच्या तारखेचा आजारपणाचा दाखला मागितला तर आपण द्याल का?" मला उत्तर सुचले नाही.

टपालाने धाडलेले पैसे नेमके केव्हा 'दिले' असे मानायचे, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. त्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निवाडा आपल्या शेजारच्याच मुलखातील आहे. बेळगावहून रेल्वेने पुण्यास जाताना कराडचे स्थानक लागते, ते ओगलेवाडीस. 'प्रभाकर' कंदील घडविणारा तेथील ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना तेव्हा औंध संस्थानात होता. भारत सरकारला पुरविलेल्या कंदिलांचे धनादेश दिल्लीहून टपालाने येत. ते पैसे संस्थानात मिळाले की ब्रिटिश हिंदुस्थानात, असा आयकराचा वाद होता. न्यायालयाने म्हटले, की धनादेश वटला तर रक्कम तो हाती पडला त्याच दिवशी मिळाली असे धरावे. शिवाय घेणाऱ्यानेच टपालाने पाठविण्यास सांगितले असेल, तर टपालखाते हे त्याचे प्रतिनिधी. पाकीट पेटीत पडले की त्याला पोहोचले. तसे सांगितलेले नसेल, तर टपालखाते पाठविणाऱ्याचे प्रतिनिधी.

वाद देणगीचा नव्हता, पण तत्त्व आपल्यालाही लागू पडावे. ३१ मार्चला संस्थेच्या हाती असलेला धनादेश एप्रिलात वटला तरी बिघडत नाही. माझे पाकीट मात्र कोणी मागविलेले नव्हते. ते वाटेत असेपर्यंत पैसे माझेच होते. कोषाध्यक्षांचेच बरोबर होते.

आता तर पावतीपुरते भागत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला प्रत्येक देणगीदाराचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागते. दोन हजारांवरील रोख देणगीस सवलत नाही, आणि नवी कररचना स्वीकारणाऱ्यास '८० जी'ची (१ एप्रिल २०२६ पासूनच्या कायद्यात तिचा कलमक्रमांक बदलला आहे) सवलतच मिळत नाही. तरीही मार्चची घाई करणारे सभासद मला भेटतात!

या घाईचा जाच संस्थेला किती होतो, हे मला कोषाध्यक्षांनीच पुढे समजावले. करमाफी टिकविण्यासाठी धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी कार्यावर खर्चावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. अखेरच्या दिवशी आलेली रक्कम ती खर्चणार कधी? पुढील वर्षी खर्चण्याची मुभा आहे, पण त्यासाठी मुदतीत वेगळे निवेदन भरावे लागते. लहान संस्थेत ते काम पुन्हा त्याच एका वृद्ध गृहस्थाकडे येते. उलट जूनमध्ये वह्या, गणवेश, छत्र्या घ्यायच्या वेळी खात्यात खडखडाट असतो आणि दुकानदाराची उधारी वाढते.

हल्ली मी माझी देणगी मे महिन्यातच बँकेतून परस्पर पाठवितो. पहिल्या वर्षी पावतीसोबत कोषाध्यक्षांनी गणवेशांच्या बिलाची प्रत जोडली होती. बिल रोखीचे होते.