नुसते गाठोडे देऊ नका

समजा, म्हसावदच्या एका विद्यार्थ्याने लंबकावरून गुरुत्वत्वरण काढणारी दहा ओळींची आज्ञावली पायथन भाषेत लिहिली. घरच्या संगणकावर ती उत्तम चालते. शहाद्याच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र तीच फाइल उघडली, तर नुसत्या ओळी दिसतात. उत्तर येत नाही. असे का व्हावे?

आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचाच दाखला घ्या. केवळ पावरी बोलणारे आजोबा मुंबईला गेले, तर मध्ये दुभाष्या लागतो. संगणकाचेही तसेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक घ्या, की आजचा संगणक घ्या. यंत्राला फक्त त्याच्या अंकांतील आज्ञा कळतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन भाषा माणसाला सोपी आहे, पण ती यंत्राला समजावून देणारा दुभाष्या त्या संगणकावर हवा. प्रदर्शनातील संगणकावर तो नव्हता.

यावर उपाय दोन. सी भाषेत करतात त्याप्रमाणे सर्व मजकूर आधीच यंत्रभाषेत उतरवून घेणे, हा एक. आज्ञावली, दुभाष्या आणि लागणारी इतर साधने एकाच गाठोड्यात बांधून देणे, हा दुसरा. पायइन्स्टॉलर हे साधन हेच करते. म्हणून तर दहा ओळींची फाइल कित्येक मेगाबाइटची होते! मात्र विंडोजवर बांधलेले गाठोडे लिनक्सवर चालत नाही. ते लिनक्सवरच बांधावे लागते.

ही सोय मोठी आहे, जरूर वापरा. पण नुसते गाठोडे देऊन थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या विद्यार्थ्याने १० दोलनांचा वेळ गृहीत धरला होता. दुसऱ्या शाळेतील मुलांनी २० दोलने मोजून तो वेळ भरला. दोलनकाल दुप्पट ठरला आणि ९.८ च्या जागी उत्तर आले सुमारे २.४५. त्या मुलांना काय वाटेल? आपलाच प्रयोग चुकला! काळजीपूर्वक केलेले निरीक्षण ती खोडून टाकतील. मूळ आज्ञावली हाती असती, तर त्यातील ‘भागिले १०’ त्यांना लगेच दिसले असते.

तुमच्या प्रयोगवहीत आम्ही नुसते उत्तर पाहत नाही, आकडेमोडही पाहतो. मग संगणकाच्या उत्तराला सूट का द्यावी? खुद्द पायथनची मूळ आज्ञावलीही कोणालाही वाचण्यास खुली आहे. तेव्हा गाठोड्याशेजारी आपल्या दहा ओळीही ठेवा, आणि किती दोलने मोजावीत तेही लिहा. शिक्षकांनीही प्रदर्शनात त्या ओळींचा छापील कागद आवर्जून मागावा. तुमची चूक दुसऱ्या कोणाला सापडली, तर त्यात कमीपणा नाही. विज्ञान असेच पुढे जाते.