खुरपे आणि तणनाशक

अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने सरकारची मान्यता नसलेले एचटीबीटी कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. ह्या कपाशीवर ग्लायफोसेट फवारले तरी तण जळते आणि पीक उभे राहते. पुढील वाद शेतकऱ्याचे स्वातंत्र्य आणि कायद्याचा अंमल ह्या दोन पक्षांत रंगला. तिसरा पक्ष निंदण करणाऱ्या मजूर बायांचा. त्याचा विचार अजूनही पुरेसा झालेला नाही.

शेतकऱ्याची बाजू पोकळ नव्हे. झड लागली की डवरा थांबतो, तण कपाशीच्या डोक्यावर चढते, आणि उघाड पडताच साऱ्या गावाचे निंदण एकाच आठवड्यात निघते. मजूर पुरत नाहीत. अशा शेतकऱ्यास शहरात बसून निसर्गप्रेमाचे धडे देणे सोपे आहे; आम्हांस तो मोह नाही.

तथापि, सर्व सुधारणा एका मापाने मोजता येत नाहीत. बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली. बोंडे वाचली तेथे वेचणी वाढली, आणि वेचणीची मजुरी किलोवर असल्याने त्या लाभाचा थोडा वाटा बायांच्या ओटीतही पडला. तणनाशकाचे गणित ह्याच्या नेमके उलट आहे. त्यात मालकाची जी बचत, तीच मजुराची बुडालेली कमाई.

शेतकऱ्या-शेतकऱ्यांतही बियाणे समता आणत नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक पावसाबरोबर संपते. ज्याच्याकडे ओलीत आहे तो फरदड ठेवून उन्हाळ्यापर्यंत कापूस घेतो. त्या फरदडीत गुलाबी बोंडअळी पोसली जाते व पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या शेतात उतरते. २०१७ साली ह्या अळीने विदर्भातील कापूस पोखरला, तेव्हा फरदडीचा नफा एकाचा आणि अळी मात्र साऱ्या शिवाराची ठरली! त्यात संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. मान्यतेवाचून विकल्या जाणाऱ्या पाकिटाची तर पावतीही नसते. ते उगवले नाही तर भरपाई मागावयाची कोणाकडे? हा धोका मोठ्या खातेदारास पेलतो, दोन एकरवाल्यास पेलत नाही.

म्हणून मान्यतेचा निर्णय काहीही होवो, त्याआधी जमीन व कीड ह्यांच्याबरोबर मजुरीचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तो गावोगाव जाऊन मांडावा. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने रोजगाराची हमी दिली खरी. परंतु पावसाळ्यात मातीची कामे मंदावतात, आणि भूमिहीन घराची चूल त्याच दिवसांत निंदणावर पेटते. खुरपे थांबवावयाचे असेल तर श्रावण-भाद्रपदात त्या बाईस कोणते काम मिळणार, हे सरकारने आधी सांगावे.