सोनोग्राफीत 'पीसीओडी' लिहून आलं, म्हणजे पीसीओएस झालाच का?

'बल्की ओव्हरीज, पीसीओडी पॅटर्न.' सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ही एक ओळ वाचून अनेक मुली आणि त्यांच्या आया धास्तावतात. लग्न, मूलबाळ इथपर्यंत काळजी पोहोचते. पण फक्त या ओळीवरून पीसीओएसचं निदान होत नाही.

मग निदान होतं कसं?

डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. प्रौढ स्त्रीमध्ये त्यापैकी किमान दोन आढळल्या, तरच पीसीओएस मानला जातो. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात तज्ज्ञांच्या बैठकीत हे ठरलं, म्हणून यांना 'रॉटरडॅम निकष' म्हणतात.

१. अनियमित पाळी: दोन पाळ्यांमध्ये ३५ दिवसांहून जास्त किंवा २१ दिवसांहून कमी अंतर, किंवा वर्षाला ८ पेक्षा कमी पाळ्या.

२. अँड्रोजेन हार्मोन जास्त असणं: हनुवटी, छाती, पोटावर दाट केस, न जाणारी मुरुमं, डोक्यावरचे केस विरळ होणं. लक्षणं स्पष्ट नसतील तर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासतात.

३. अंडाशयात जास्त फॉलिकल्स: हे सोनोग्राफीत दिसतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्तचाचणीही चालते.

नावात 'सिस्ट' असलं तरी या गाठी नसतात. त्या पूर्ण वाढ न झालेल्या, स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्या असतात. पाळी नियमित असलेल्या निरोगी स्त्रीच्या अंडाशयातही त्या जास्त दिसू शकतात. उलट पहिल्या दोन्ही गोष्टी असतील, तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजच नसते.

याशिवाय थायरॉईड, वाढलेलं प्रोलॅक्टिन, अॅड्रिनल ग्रंथीचे आजार यांतही अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी ते नाहीत ना, हे तपासावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यामुळे हार्मोनचे रिपोर्ट बदलतात.

किशोरवयीन मुलींचं काय?

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर ती मागेपुढे होणं स्वाभाविक आहे. या वयात अंडाशयात फॉलिकल्सही जास्त असतात. त्यामुळे पहिल्या पाळीनंतर ८ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच वापरू नये, असं याच सूचना सांगतात. या मुलींमध्ये पहिले दोन्ही निकष पूर्ण व्हावे लागतात. एकच असेल तर 'धोका आहे' असं समजून काही वर्षं लक्ष ठेवतात.

नेमकं निदान का हवं?

चुकीचा शिक्का बसला तर नको ती औषधं आणि नको ती भीती मागे लागते. निदान राहून गेलं तर मधुमेहाचा धोका वेळेत कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जगभरात पीसीओएस असलेल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. निदान झाल्यावर साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही तपासायला हवा, मग वजन कमी का असेना.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखाही लिहून न्या. निदानाची सुरुवात तिथूनच होते.