तालुक्याची कागदपत्रं कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत?

आपल्या गावातलं झेरॉक्सचं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं कुठलंही दुकान घ्या आणि तिथल्या कॉम्प्युटरमधलं 'डाउनलोड्स' फोल्डर बघा. आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, सातबारा, पोरांच्या मार्कशीट, जातीचे दाखले. लोक दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, प्रिंट घेतात, पैसे देतात आणि घरी जातात. फाइल मात्र तिथंच राहते, वर्षानुवर्षं.

आता त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा. गुगलच्या जागी भलतंच सर्चचं पान. कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' अशी पाटी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते येतंच ओ, क्रॉस करायचं फक्त."

ते आपोआप येत नाही. त्याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. तुमचं होम पेज आणि सर्च इंजिन बदलून जाहिरातीतून पैसे कमवायचे, एवढाच वरवर त्याचा धंदा. पण तुम्ही काय शोधता, कुठं जाता हे तो बघत असतो आणि पुढचा मोठा चोर आत घ्यायला दारही उघडून देऊ शकतो. २०१७ साली चेक पॉइंट या कंपनीने 'फायरबॉल' नावाचा असाच प्रकार उघड केला. जगात २५ कोटी कॉम्प्युटर आणि त्यातले अडीच कोटींहून जास्त एकट्या भारतातले, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे म्हटलं. आकड्यावर वाद झाला तरी रोग खोटा नव्हता. तो पसरायचा कसा? फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून. आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत जातो आणि पाहुण्यासोबत चोरही घरात येतो.

आपल्याकडे याहून वाईट एक सवय आहे. क्रॅक केलेलं विंडोज, क्रॅक केलेलं ऑफिस, क्रॅक केलेलं मराठी टायपिंग. आमच्या छापखान्याच्या आणि डीटीपीच्या धंद्यात तर हे सर्रास चालतं. त्या क्रॅकसोबत पहिली सूचना काय असते? 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' म्हणजे कुलूप आपणच काढायचं आणि किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची. अशा फाइलींतून येणारे काही प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतात. लॉगिन झालेलं सेशनही उचलतात, तिथं ओटीपीचाही उपयोग होत नाही.

कुणी म्हणेल, दुकानदार गरीब आहे, फॉर्ममागे त्याला सुटतं किती? बरोबर आहे. त्याला चोर ठरवायचा माझा हेतू नाही. पण पाणी विकणाऱ्याने टाकी धुवायची नाही, कारण त्याला परवडत नाही, हे आपण ऐकून घेऊ का? एकाच्या घरचा कॉम्प्युटर बिघडला तर नुकसान त्याचं. दुकानातला बिघडला तर नुकसान अख्ख्या गावाचं.

आणि यातलं बरंचसं फुकट होतं. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीच असतो, फक्त तो बंद करू नका. मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोज १० मध्येच आहे, त्यासाठी कुठून काही उतरवायची गरज नाही. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस चालतं, तेही विनामूल्य. केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, त्याच्या वेबसाइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात.

ब्राउझर बिघडलाच असेल तर क्रम साधा आहे. आधी सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन अनोळखी प्रोग्रॅम काढा. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन तपासा, जे तुम्ही टाकलेलं नाही ते उडवा. नोटिफिकेशनला 'अलाउ' केलेल्या साइट बंद करा, त्या व्हायरसच्या खोट्या पाट्या बहुतेक वेळा तिथूनच येतात. ब्राउझर रीसेट करा. डिफेंडरचा फुल स्कॅन आणि शक्यतो ऑफलाइन स्कॅन चालवा. शेवटी पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वापरू नका, साधं खातं पुरतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. गावातल्या किती मशीनवर ती झाली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, हेही खरं. म्हणूनच हा प्रश्न एकट्या दुकानदारावर ढकलून चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच. शासनाची कामं करायची परवानगी ज्या केंद्रांना दिली जाते, त्यांची दरपत्रकाची पाटी तपासता तशी मशीनही तपासा. विंडोज असली आहे का, अपडेट चालू आहे का, ग्राहकाच्या फाइली रोज पुसल्या जातात का. तीन प्रश्न, दहा मिनिटांचं काम. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. तो मुंबई-पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांपुरताच समजायचा का? तहसील कार्यालयाने आणि नगरपालिकेने सुरुवात आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपासून केली, तर दुकानदारही ऐकेल.

आणि आपण? प्रिंट झाली की "दादा, माझी फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही" एवढं सांगायला लाजू नका. चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. दुकानाच्या मशीनवर बँकेचं लॉगिन करू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, खाली लिहा. दुकानाचं नाव नको, परिस्थिती लिहा.