भाव नव्हे, हिशेब पाठवा

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारातल्या ज्या पेढ्या आपल्या ग्राहकांना ईमेलने बातमीपत्र पाठवतात, त्यांच्यासाठी आजचा स्तंभ आहे. ते पत्र न उघडताच पुसून टाकणाऱ्या ग्राहकांसाठीही आहे. पुसणाऱ्यांना मी दोष देत नाही. ग्राहकाच्या बाजूने लिहिणं हे या जागेचं काम, म्हणून ही पत्रं मी आवर्जून उघडून वाचते. वरती दागिन्यांनी मढलेली नवरी, खाली मोठ्या अक्षरांत आजचा भाव, त्याखाली सणाच्या शुभेच्छा, आणि शेवटी ‘अटी लागू’. अटी कोणत्या, ते कुठेच नाही. पत्र वाचून संपतं आणि ग्राहक होता तिथेच राहतो.

मला याचं वाईट वाटतं, कारण पत्र कसं लिहावं हे या बाजाराला कोणी शिकवायची गरज नव्हती. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, तिचं लश्कर शहर झालं. एवढी फौज आणि एवढा दरबार म्हटला की सराफ आले, आणि सराफ आले की हुंडी आली. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीला लिहिलेलं पत्रच. ते कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, पैसे कोणाला द्यायचे, दाखवताच द्यायचे की मुदतीनंतर, सगळं त्यात असे. रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि वर तिच्या निम्म्याची दुप्पट म्हणूनही लिहीत, म्हणजे मधल्या कोणाला एक शून्य वाढवून चालणार नाही. हुंडी हरवली तर तिच्या बदल्यात ‘पेठ’ लिहून मिळे, तीही हरवली तर ‘परपेठ’. पत्र हाती पडणाऱ्याला फसायला जागा राहू नये, इतका विचार त्या चार ओळींत केलेला असे. ते पत्र घेऊन माणूस शेकडो मैलांवरच्या पेढीवर जाई आणि पैसे घेऊन परते.

नावाचं वजनही या बाजाराला ठाऊक आहे. शिंद्यांच्या गंगाजळीचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या सैन्याला खजिन्यातून पैसा दिला. इंग्रजांनी त्यांना याच सराफ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिलं. पैशाच्या व्यवहारात आपल्या नावाची जबाबदारी किती दूरवर जाते, हे त्या जागेइतकं दुसऱ्या कुठल्या बाजाराला सांगता येणार नाही. आणि त्याच बाजारातून आज येणाऱ्या पत्राखाली कोणाचंही नाव नसतं. उत्तर पाठवलं तर ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असं यंत्र सांगतं.

माझी मागणी एकच आहे. पत्रात जे लिहिलं आहे ते हाती घेऊन ग्राहकाला पेढीवर जाता आलं पाहिजे, आणि गादीवर बसलेल्याने ते मानलं पाहिजे. बातमीपत्र सुधारायचं म्हणजे रंग बदलायचे नाहीत, हे करायचं.

आता भावाचंच घ्या. समजा, २४ कॅरटचा भाव ग्रॅमला ९,८२५ रुपये आहे. त्या हिशेबाने ९१६ शुद्धतेचं, म्हणजे २२ कॅरट सोनं साधारण ९,००० रुपयांना पडतं. पत्रात यांतला कोणता भाव छापला आहे, हेच पुष्कळदा लिहिलेलं नसतं. पुढे चला. वीस ग्रॅमच्या पाटल्या घ्यायच्या आहेत. सोन्याचे झाले १,८०,००० रुपये. एका पेढीची घडणावळ १२ टक्के, म्हणजे २१,६०० रुपये. त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी धरला की बिल होतं २,०७,६४८ रुपयांचं, वर हॉलमार्कचं किरकोळ शुल्क. शेजारच्या पेढीचा भाव अगदी तोच, पण घडणावळ ८ टक्के. तिथे तेच बिल २,००,२३२ वर थांबतं. फरक ७,४१६ रुपयांचा. दोन्ही पेढ्यांच्या पत्रांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मात्र एकच होता! जो आकडा सगळ्यांकडे जवळपास सारखा असतो तो ठळक, आणि जो पेढीगणिक बदलतो तो गायब, अशी ही पत्रं आहेत. घडणावळ टक्क्यांनी की ग्रॅममागे, कोणत्या नगावर किती, खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यातून वजा होतं की नाही, हा तक्ता पत्रात आला तर ते पत्र कोणी पुसणार नाही. लग्नघरात तर ते जपून ठेवलं जाईल.

मोडीचंही तसंच. जुनी मोहनमाळ किंवा आजीचे गोठ मोडून नवं घडवणारं घर लश्करात दर लग्नसराईत असतंच. आपल्याच पेढीचा दागिना परत घेताना काय भाव, दुसरीकडचा घेताना काय, डागाची घट किती धरणार, वितळवून कस पाहताना ग्राहकाला समोर उभं राहू देणार का? हे प्रश्न दुकानात सगळ्यांसमोर विचारायला माणसं संकोचतात. विशेषतः पैशाच्या अडचणीमुळे मोड द्यायला आलेला माणूस तर विचारतच नाही. हीच माहिती पत्रातून घरी पोचली, तर तो संकोच आधीच सुटलेला असेल. याहून मोठी ग्राहकसेवा मला माहीत नाही.

सरकारी नियमांची माहिती हा पत्राचा दुसरा खरा विषय. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला तो १६ जून २०२१ पासून, आधी २५६ जिल्ह्यांत. त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी मिळू लागला, आणि १ एप्रिल २०२३ नंतर त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायची परवानगी राहिली नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकला की दागिना कोणत्या शुद्धतेचा, कुठे तपासलेला, ते फोनवर दिसतं. हे किती ग्राहक करून पाहतात? करून कसं पाहायचं ते पेढीच्या पत्राने चित्रासह का सांगू नये? दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला, कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामाला ही सक्ती नाही. छोट्या नथीवर खूण दिसली नाही म्हणून एखाद्या घराचा पेढीवरचा विश्वास उडतो, आणि दुसरीकडे ‘जडाव आहे, खूण नसतेच’ या वाक्याखाली काहीही खपवलं जातं. दोन्ही गोष्टी एका परिच्छेदाने थांबतील. बिलावर नगाचं वर्णन, निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं दाखवावं लागतं, हेही लिहावं. दागिना सांगितलेल्या शुद्धतेपेक्षा कमी निघाला तर त्या तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. हे वाक्य स्वतःहून छापणारी पेढी मला पाहायची आहे. तिला जाहिरात करावी लागणार नाही.

भाव रोज ईमेलने पाठवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे दरच दिवसातून दोनदा येतात. सकाळी पाठवलेलं पत्र संध्याकाळी उघडणाऱ्याला शिळा भाव मिळतो आणि तो पेढीवर जाऊन वाद घालतो. रोजचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर ठीक, नाहीतर दुकानाच्या फळ्यावर. पत्र महिन्याला एक पुरे. त्यात भाव छापलाच, तर तारीख, वेळ आणि तो कधीपर्यंत चालेल ते लिहावं. महिन्याच्या मध्ये पत्र काढावं ते खरंच काही घडलं तरच. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव उतरले. मार्गशीर्षातल्या लग्नासाठी पैसे जमवून बसलेल्या घराला त्या संध्याकाळी तीन ओळींचं पत्र हवं होतं: काय बदललं, आमच्याकडचा भाव किती उतरला, आधी आगाऊ रक्कम भरून भाव बांधून घेतला असेल तर त्याचं काय. असा दिवस वर्षातून एक-दोनदाच येतो, आणि त्या दिवशी आलेलं पत्र माणूस विसरत नाही.

वाचणाऱ्याच्या कामी येणाऱ्या अशा पत्राचा चांगला दाखला शिंद्यांच्या इतिहासात आहे. महादजी शिंद्यांच्या काळातली दिल्लीकडची फारसी बातमीपत्रं सर जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत आणली आणि मुंबई सरकारने ती १९५३-५४ मध्ये दोन खंडांत छापली. तारीख, मुक्काम, कोण भेटीला आलं, कुठली फौज हलली, पैसा कुठे अडकला, असा त्यांचा मजकूर आहे. पुण्यात बसलेल्या कारभाऱ्याला पुढचं पाऊल ठरवता यावं म्हणून ती लिहिलेली होती. वाचणाऱ्याला काय ठरवायचं आहे, ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

आता थोडं तंत्राचं, कारण चांगला मजकूरही इथे वाया जातो. बहुतेक पत्रं म्हणजे डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये जुळवून दिलेलं एक चित्र असतं. मेलमध्ये चित्रं बंद असली की ग्राहकाला कोरा चौकोन दिसतो. उघडलं तरी फोनवर ती अक्षरं साठीच्या माणसाला वाचवत नाहीत, मोठी केली तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि दिवाळीला ‘पाटल्या’ शब्द टाकून ते पत्र शोधू म्हटलं तर सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, साधा टंकलेला हवा, चित्रं एक-दोन. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र कापून दाखवतं, आणि यादीतून नाव काढून घेण्याची लिंक नेमकी तळाशी, त्या कापलेल्या भागात जाते. विषयाच्या ओळीत ‘खास तुमच्यासाठी’ नको. ‘घडणावळीचे नवे दर, १ तारखेपासून’ असं लिहिलं की कामाचा माणूस उघडतो.

भाषेचा प्रश्न लश्करात खास आहे. चिटणीस की गोठ किंवा फाळके बाजारात वाढलेली कितीतरी मराठी मुलं आज पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आहेत. घरातलं सोनं मात्र अजून त्याच पेढीचं, आणि आई-वडील इथेच. अशा मुलाला दूरवरून मंगळसूत्राच्या वाट्या ठरवायच्या असतात. त्याला हिंदीत चालेल की मराठीत हवं, हे नाव नोंदवतानाच विचारावं. शेजारीशेजारी दोन भाषा कोंबून पत्र लांबवू नये.

आणि नाव नोंदवणं म्हणजे विचारून नोंदवणं. बिल करताना वहीत लिहून घेतलेला ईमेल पत्ता बिलासाठी दिलेला असतो. तो गुपचूप यादीत टाकणं मला अप्रामाणिक वाटतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हे तत्त्व स्पष्ट आहे: संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यायला लावतात, आणि जीमेलवर हजारामागे तीन जणांनी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार केली, तर त्या पेढीची पुढची पत्रं सगळ्यांच्याच कचऱ्यात जाऊ लागतात. ज्याला पत्र नको त्याला बळेच पाठवलं, तर ज्याला हवं त्याच्यापर्यंतही ते पोचत नाही. यादी लहान झाली तर होऊ द्यावी. पत्र किती जणांनी उघडलं या आकड्यावर तर विसंबूच नये. २०२१ पासून अ‍ॅपलची मेल व्यवस्था पत्रातली चित्रं स्वतःच आधी उतरवून घेते, त्यामुळे न उघडलेलंही उघडलं म्हणून मोजलं जातं. किती जणांनी उत्तर लिहिलं, आणि किती जण ते पत्र फोनवर दाखवत पेढीची पायरी चढले, ते मोजावं.

त्यासाठी उत्तर देता आलं पाहिजे. पत्राखाली पेढीतल्या एका माणसाचं नाव, दुकानाचा फोन, आणि आलेल्या पत्राला दोन दिवसांत उत्तर देण्याचं वचन. गेल्या महिन्यात ग्राहकांनी विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं, विचारणाऱ्यांची नावं न देता, पुढच्या पत्रात छापावीत. मजकूर कुठून आणायचा, ही अडचण मग उरत नाही.

वाचकांनो, पुढचं पत्र आलं की पुसण्याआधी त्याला उत्तर लिहा. घडणावळ किती, मोडीचा नियम काय, छापलेला भाव किती कॅरटचा आणि कधीपर्यंतचा, एवढंच विचारा. आठवड्याभरात उत्तर आलं तर ती पेढी लक्षात ठेवा. नाही आलं, तर त्या यादीतून आपलं नाव काढून घ्या.