कुलूप आधी काढा



‘नाचून व्यसन सुटत नाही’ हा लेख वाचला. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, चौकात नाचून फोटो काढणे व्यर्थ, एवढेच मान्य. पण आइसलँडमध्ये केवळ मुलांच्या रात्री बाहेर फिरण्यावरील बंदीने फरक पडला, हे विधान अर्धवट आहे. राजधानी रेक्याविकमध्ये मुलांच्या खेळ, संगीत, नृत्याच्या वर्गांसाठी पालकांना अनुदान मिळते. आइसलँडमध्ये आदल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ ते २०१६ दरम्यान ४२ वरून ५ टक्क्यांवर आले. त्याआधी, १९९२मध्ये, अमेरिकेत डेन्व्हरला मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन यांनी नशेकडे वळलेल्या मुलांना उपचाराचे नावही न काढता हिप-हॉप शिकवायला घेतले.

आमच्याकडे संध्याकाळी शाळेच्या हॉलला कुलूप असते आणि मुले पायऱ्यांवर गुटख्याच्या पुड्या फोडत बसतात. तो हॉल रोज दोन तास उघडा. शिकवायला आम्ही तयार आहोत.

– एक नृत्यशिक्षिका, नालासोपारा