पाहुण्यांची खोली आणि घरधन्याची वही

अजिंठ्याच्या लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लेणी जळगाव जिल्ह्याच्या हद्दीबाहेर असली, तरी आगगाडीने येणारा प्रवासी साठेक किलोमीटर अलीकडे जळगावलाच उतरतो. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस मिळतात. परीक्षेसाठी, लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी येणारे निराळेच. अशांना एक-दोन रात्रींसाठी खोली देण्याचा व्यवहार आता लॉजमालकांपुरता उरलेला नाही. निवृत्तीच्या पैशांतून माडीवर दोन खोल्या चढविणारा शिक्षक किंवा कारकूनही त्यात उतरतो. व्यवहार सचोटीचा आहे. त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्याचा हिशेब न ठेवण्याच्या वृत्तीला.

समजा, पाहुणा दोन रात्री राहिला आणि भाडे ३,००० रुपये झाले. आरक्षण करून देणाऱ्या संकेतस्थळाने १५ टक्के दलाली, म्हणजे ४५० रुपये, कापून २,५५० रुपये बँकेत जमा केले. पुढच्या पाहुण्याने १,००० रुपये अनामत पाठविली. घरधनी म्हणतो, ३,५५० रुपये मिळाले. पण अनामत ही मिळकत नव्हे, ते देणे आहे. धुलाई, साफसफाई, चहा-नाश्ता आणि वीज यांना ८९० रुपये लागले असतील, तर हाती उरले १,६६०. त्यातूनच पुढे गादी बदलायची, रंग द्यायचा, घरपट्टी भरायची आणि कर्ज असल्यास हप्ता द्यायचा. हे न मांडणारा माणूस मिळकत म्हणून जे खर्च करतो, तो पुष्कळदा त्याच्या आयुष्याच्या पुंजीचाच तुकडा असतो.

हंगामाचा प्रश्न याहून बिकट आहे. थंडीत खोल्या भरतात. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की पर्यटक फिरकत नाही, आणि जो येतो त्याच्या कूलरचे बिल मात्र वाढते. कापूस विकून आलेला पैसा पुढच्या कापसापर्यंत पुरवायचा असतो, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग खोलीचे चांगले चार महिने पाहून वर्षाचा अंदाज बांधण्याची चूक सुशिक्षिताने का करावी?

सरकारदरबारी तर चूक उलट दिशेने होते. बँकेत आले तेवढेच उत्पन्न, असे घरधनी धरून चालतो. पण संकेतस्थळामार्फत होणारे व्यवहार वर्षाला ५ लाखांवर गेले की ०.१ टक्का आयकर मुळातच कापला जातो (१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता), आणि तो दलाली वजा करण्यापूर्वीच्या रकमेवर. आयकर खात्याच्या दप्तरी तीच मोठी रक्कम दिसते. सेवा देणाऱ्यांसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची २० लाखांची मर्यादाही एकूण उलाढालीवरच मोजतात. दोन आकड्यांतील तफावत विचारली गेली म्हणजे तोंडी खुलासा उपयोगी पडत नाही, कागद लागतो.

एवढ्याशा व्यवहाराला वही कशाला, असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे. मोठ्या पेढीला तोटा सोसता येतो, निवृत्तिवेतनावरच्या घराला येत नाही. शिवाय उपाय फारसा कठीण नाही. खोलीसाठी बँकेत स्वतंत्र खाते असावे. पूर्ण भाडे जमेला आणि दलाली खर्चाला लिहावी. अनामत वेगळ्या पानावर ठेवावी. घरचा किराणा आणि पाहुण्यांचा किराणा एका पिशवीत आला, तरी एका ओळीत येऊ नये. दुरुस्तीसाठी प्रत्येक मुक्कामामागे थोडी रक्कम बाजूला काढावी आणि महिनाअखेर शिल्लक जुळवावी.

कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मराठीला नवे नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या दप्तरांतल्या कागदांवर इतिहास उभा केला आणि १९२६ साली त्यांचे निधन धुळ्यातच झाले. ज्या भूमीत जुन्या कागदाचे मोल इतके ओळखले गेले, तिथे आजच्या व्यवहाराचा कागद नसावा, हे शोभणारे नाही. शाळा-महाविद्यालयांत पुस्तपालन परीक्षेपुरते शिकविले जाते. तेच विद्यार्थ्याने आपल्या घरच्या वहीवर करून पाहिले, तर गुणांबरोबर घरही वाचेल.